चौथे वर्ष आणि हैदराबादचा धडा

पदवीच्या अभ्यासक्रमाला चौथे वर्ष जोडण्याची शिफारस राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० साली केली आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये तिचा आराखडा प्रसिद्ध केला. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा त्याहून अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी संशोधनाची वाट धरता येईल, त्याच्या एकूण १६० श्रेयांकांपैकी १२ श्रेयांक संशोधन-प्रकल्पाचे असतील आणि त्याच्या पदवीला संशोधनाचा विशेष दर्जा लाभेल, अशी ही योजना आहे. गोवा विद्यापीठाने २०२३-२४ पासून हे धोरण पदवी स्तरावर लागू केले. त्या वर्षी प्रवेश घेतलेल्या पहिल्या तुकडीचे चौथे वर्ष म्हणजे २०२६-२७. तेव्हा, जो प्रश्न आजवर परिसंवादांत चघळला जात होता, तो आता आपल्या महाविद्यालयांच्या उंबरठ्यावर येऊन उभा आहे. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा वा मुलगी खरोखरीचे संशोधन करू शकते काय? आणि करू शकत असेल, तर ते करण्यासाठी आपण तिला काय देणार आहोत?

या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर सेंद्रिय रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेइतकी चांगली कसोटी दुसरी नाही. गणिताच्या विद्यार्थ्याला पाटी-पेन्सिल पुरते, इतिहासाच्या विद्यार्थ्याला दप्तरखाना पुरतो. नवा रेणू घडविणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र काचेची भांडी, शुद्ध द्रावके, विषारी वाफा ओढून घेणारे धुराडे, उपकरणे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाठीशी उभा राहणारा जाणता माणूस लागतो. यांतील एकाचीही उणीव राहिली तर संशोधन होत नाही, फक्त वह्या भरतात. आणि या विद्येचे आपल्या देशातील सर्वांत मोठे पीठ कोठे आहे, असे कोणी विचारले तर बोट हैदराबादकडेच दाखवावे लागेल. ते शहर आमच्यापासून एका रात्रीच्या प्रवासाच्या अंतरावर आहे. विद्येच्या बाबतीत मात्र ते अंतर फार मोठे आहे, आणि ते कसे पडले हे पाहणे उद्‌बोधक ठरेल.

हैदराबादला हे स्थान दैवयोगाने मिळालेले नाही. निजामाच्या राजवटीत १९४४ साली तेथे एक मध्यवर्ती वैज्ञानिक व औद्योगिक संशोधनशाळा निघाली. संस्थान भारतात विलीन झाल्यावर केंद्र सरकारच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने तिला आपल्या छत्राखाली घेतले. १९५६ साली ती प्रादेशिक संशोधनशाळा झाली आणि १९८९ साली तिला 'भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था' हे नाव मिळाले. १९६१ साली स्थापन झालेल्या इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्स या सरकारी कंपनीने सोव्हिएत साह्याने आपला संश्लेषित औषधांचा कारखाना त्याच शहरात उभारला. पुढे संसदेने १९७० साली पेटंट कायदा संमत केला, तो १९७२ मध्ये अमलात आला. औषधाच्या रेणूवर मक्तेदारी नाही, फक्त तो तयार करण्याच्या रीतीवर आहे, असे त्या कायद्याने ठरविले. याचा अर्थ असा की, तोच रेणू दुसऱ्या वाटेने घडवून दाखवील त्या रसायनज्ञाला देशाचे दार मोकळे झाले. १९७४ साली स्थापन झालेल्या हैदराबाद विद्यापीठात प्रा. गोवर्धन मेहता यांच्यासारख्या संशोधकांनी निसर्गातील गुंतागुंतीचे रेणू प्रयोगशाळेत घडविण्याची परंपरा रुजविली. प्रयोगशाळा, कारखाना, कायदा आणि विद्यापीठ ही चार चाके एका गाड्याला लागली, म्हणून तो गाडा चालला.

या कथेत मराठी वाचकाने ध्यानात ठेवावा असा एक धागा आहे. हैदराबादच्या औषधोद्योगाचे ज्यांनी नाव केले त्यांपैकी डॉ. ए. व्ही. रामाराव आणि डॉ. अंजी रेड्डी हे दोघेही गुंटूरच्या महाविद्यालयातून बी. एस्सी. होऊन मुंबईस आले, मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात शिकले आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉक्टर झाले. रामाराव यांनी पुढे हैदराबादच्या संस्थेचे संचालकपद १९८५ ते १९९५ अशी दहा वर्षे भूषविले. त्यांच्या काळात तेथे विकसित झालेल्या रीतीने एड्सवरील एझेडटी हे औषध मुंबईच्या सिप्ला कंपनीने बाजारात आणले. रेड्डी यांनी सरकारी कारखान्यात अनुभव घेऊन १९८४ साली स्वतःची कंपनी काढली. म्हणजे बी हैदराबादचे नव्हते, रोपवाटिका मुंबई-पुण्याची होती, आणि बाग मात्र तेथे फुलली. विद्या ही अशीच जाते. जेथे तिला हात, वेळ आणि मोकळीक मिळते तेथे ती बिऱ्हाड करते, भाषा व प्रांत पाहत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. पदवीच्या वर्गातील प्रात्यक्षिक आणि संशोधन यांत फरक काय? आपल्या महाविद्यालयांत बी. एस्सी.चा विद्यार्थी क्षाराचे पृथक्करण करतो, ब्युरेटमधून थेंब थेंब सोडून अनुमापन करतो, ॲस्पिरिन तयार करून त्याचा वितळणांक घेतो. हे शिक्षण आवश्यक आहे, त्याची थट्टा आम्ही करणार नाही. पण त्या प्रत्येक प्रयोगाचे उत्तर आधीच ठरलेले असते. ते गुरुजींना ठाऊक असते, परीक्षकाला ठाऊक असते, आणि वरच्या वर्गातील मित्राच्या वहीत पाहून विद्यार्थ्यालाही ठाऊक झालेले असते. उत्तर चुकले तर चूक विद्यार्थ्याची, निसर्गाची नव्हे. संशोधनाच्या प्रयोगशाळेत पाऊल टाकताच हा आधार सुटतो. गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये दोन पदार्थ एकत्र केले, नायट्रोजनचा फुगा लावला, चुंबकीय ढवळणी सुरू केली, की पुढे काय होईल हे त्या खोलीत कोणालाच खात्रीने सांगता येत नाही. तासातासाने पातळ थराच्या पट्टीवर थेंब टेकवून अतिनील दिव्याखाली ठिपके पाहावयाचे. आरंभीचा ठिपका पुसट झाला काय, नवा उमटला काय, की तीन नको असलेले ठिपके एका ओळीत उभे राहिले? मग विभाजक नरसाळ्यातून थर वेगळे करावयाचे, द्रावक उडवून लावावयाचे, सिलिकाच्या स्तंभातून मिश्रण उतरवून वीस-पंचवीस परीक्षानळ्या भरावयाच्या, आणि त्यांपैकी कोणत्या नळीत आपला पदार्थ आहे हे पुन्हा शोधावयाचे. एवढे करून हाती चार कण लागले तर त्यांचा एनएमआर आलेख काढून तो वाचावयाचा. बहुतेक वेळा तो आलेख सांगतो की, जे हवे होते ते हे नव्हेच.

या हताशेतच खरे शिक्षण आहे. पुन्हा तोच प्रयोग करताना तापमान दहा अंशांनी उतरवावे की द्रावक बदलावे, हा निर्णय त्या वीस वर्षांच्या मुलीने घ्यावयाचा असतो. तिने आपल्या वहीत काय लिहिले यावर पुढील माणूस तोच प्रयोग करणार असतो, म्हणून खोटे लिहिण्याला तेथे वाव नसतो. शिस्त, सोशिकता आणि सत्यनिष्ठा हे गुण व्याख्यानांनी येत नाहीत, ते अशा फसलेल्या प्रयोगांनी येतात. हैदराबाद विद्यापीठाच्या पाच वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमात बारावीनंतर शिरलेला विद्यार्थी याच वातावरणात वाढतो. २००८ साली त्या शहरात सुरू झालेल्या आय. आय. टी. आणि बिट्स पिलानी या संस्थांतही पदवीच्या विद्यार्थ्याला प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेची वाट मोकळी असते. त्याच बिट्स पिलानीचे आवार झुआरीनगरला २००४ पासून, म्हणजे हैदराबादच्या चार वर्षे आधीपासून, उभे आहे, हे येथे नमूद केलेले बरे.

विशीच्या आतबाहेरची पोरे काय दिवे लावणार, असे म्हणणाऱ्यांना इतिहासाचे एक पान दाखविले पाहिजे. १८५६ साली ईस्टरच्या सुटीत विल्यम हेन्री पर्किन हा अठरा वर्षांचा विद्यार्थी लंडनमध्ये आपल्या घरच्या लहानशा प्रयोगशाळेत हिवतापावरील क्विनीन कृत्रिम रीतीने बनविण्याची खटपट करीत होता. क्विनीन मिळाले नाही, मिळणे शक्यही नव्हते. त्याच्या हाती लागला तो एक काळा गाळ. तो गाळ त्याने फेकून दिला नाही, अल्कोहोलने धुऊन पाहिला, आणि त्यातून जांभळा रंग उतरला. जगातील संश्लेषित रंगांचा व पुढे औषधांचा उद्योग त्या गाळातून जन्मला. आपल्याकडील एखाद्या विद्यार्थ्याच्या हाती असा गाळ लागला असता तर 'प्रयोग फसला' असा शेरा मिळून तो मोरीत गेला असता, अशी भीती आम्हांस वाटते.

पण या कथेचा उत्तरार्ध आपल्यासाठी अधिक कडू आहे. पर्किनने उघडलेल्या वाटेने जर्मन रसायनज्ञ पुढे गेले आणि १८९७ साली तेथील कारखान्याने कृत्रिम नीळ बाजारात आणली. हिंदुस्थानातील निळीचा व्यापार कोसळला. मळेवाल्या गोऱ्या साहेबांनी आपले नुकसान वाढीव खंडाच्या रूपाने बिहारच्या रयतेच्या गळ्यात बांधले, आणि १९१७ साली महात्मा गांधींना चंपारण्यात जावे लागले ते या पार्श्वभूमीवर. योगायोग असा की, त्याच १८९७ सालच्या ऑगस्टमध्ये रोनाल्ड रॉस यांना हैदराबादशेजारच्या सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला. शोध आपल्या भूमीवर लागत होते, पीक आपल्या शेतात उगवत होते, पण रसायनविद्या परक्यांच्या हाती होती. म्हणून शोधाचे श्रेय त्यांचे झाले आणि उपासमार आमची. पारतंत्र्य केवळ तोफांनी येत नाही, ते परक्या प्रयोगशाळेतूनही येते. ज्या पिढीने गोव्याच्या मुक्तीसाठी तुरुंग पाहिले तिला हा धडा वेगळा शिकविण्याची गरज नाही, पुढील पिढीला मात्र तो सांगितला पाहिजे.

आजची परिस्थिती तरी निश्चिंत राहण्यासारखी आहे काय? २००१ साली सिप्लाने एड्सवरील तिहेरी औषध वर्षाला ३५० डॉलर्समध्ये देऊ केले. पाश्चात्त्य कंपन्या त्याच उपचाराला दहा हजार डॉलर्सहून अधिक घेत होत्या. ही करामत रसायनज्ञांच्या हातची होती. करोनाच्या साथीत हैदराबादच्या संस्थेने फॅव्हिपिराविरची स्वस्त रीत २०२० मध्ये सिप्लाला दिली आणि कोव्हॅक्सिन लसीत वापरल्या जाणाऱ्या एका साहाय्यक रेणूचे संश्लेषणही तिने साधले. परंतु त्याच साथीने हेही दाखवून दिले की, आपल्या गोळ्यांतील मूळ रसायनांसाठी आपण मोठ्या प्रमाणावर चीनवर विसंबून आहोत. केंद्र सरकारला २०२० साली ६,९४० कोटी रुपयांची उत्पादन-प्रोत्साहन योजना आणावी लागली ती त्यामुळेच. शिवाय २००५ पासून औषधाच्या रेणूवरही पेटंट मिळू लागले. दुसऱ्याच्या रेणूकडे नवी वाट काढण्याचे कौशल्य आता पुरेसे नाही, रेणूच नवा घडवावा लागेल. वाट काढणारे रसायनज्ञ आपण निर्माण केले. प्रश्न विचारणारे रसायनज्ञ निर्माण करावयाचे, तर प्रश्न विचारण्याची सवय पदवीच्या वर्गातच लागली पाहिजे.

गोव्यापुरते बोलावयाचे तर वेर्णे येथील औद्योगिक वसाहतीत नामांकित औषध कंपन्यांचे कारखाने उभे आहेत. आपली मुले-मुली तेथे नोकरीस लागतात, याचा आम्हांस आनंदच आहे. पण बहुतेकांच्या वाट्याला दुसऱ्या कोणी शोधून ठेवलेल्या औषधाच्या गोळ्या तपासण्याचे काम येते. गार्सिया द ओर्ता यांचा भारतीय औषधींवरील ग्रंथ १५६३ साली ज्या गोव्यात छापला गेला, त्या गोव्याने औषधविद्येत केवळ तपासनीस पुरवावेत काय? दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था ही हैदराबादच्या संस्थेचीच बहीण, एकाच परिषदेची कन्या आहे. समुद्री जीवांतून मिळणाऱ्या रसायनांचा अभ्यास तेथे झालेला आहे. आपल्या किनाऱ्यावरील स्पंज, शेवाळे आणि खारफुटी यांत कोणते रेणू दडले आहेत हा प्रश्न हैदराबादच्या विद्यार्थ्यापेक्षा आमच्या विद्यार्थ्याला अधिक जवळचा आहे.

याविरुद्ध एक गंभीर आक्षेप घेतला जाईल व तो घेतलाही पाहिजे. ही विद्या धोक्याची आहे. अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात डिसेंबर २००८ मध्ये शेरी सांगजी ही तेवीस वर्षांची तरुणी, पदवी घेऊन वर्षही उलटले नव्हते, हवेच्या स्पर्शाने पेट घेणारे एक रसायन पिचकारीने काढीत असताना भाजली व जानेवारी २००९ मध्ये मरण पावली. तिच्या अंगावर प्रयोगशाळेचा साधा कोटही नव्हता. तिच्या प्राध्यापकावर फौजदारी खटला उभा राहिला. जेथे साधनांची कमतरता नाही तेथे असे घडते, तर अग्निशामक कोठे ठेवला आहे हे विचारल्यावर शिपायाला शोधावे लागते अशा ठिकाणी काय घडेल? हैदराबादजवळच्या पाशमैलारम येथील कारखान्यात ३० जून २०२५ रोजी झालेल्या स्फोटात चाळीसहून अधिक माणसे दगावली. अपघात होतात म्हणून विद्या सोडावयाची नसते, ती अधिक काळजीने शिकावयाची असते. सुरक्षेचे रीतसर शिक्षण व परीक्षा झाल्याशिवाय एकाही विद्यार्थ्याला बाटलीचे बूच उघडू देऊ नये, आणि एकट्याने काम करण्यास तर कधीही परवानगी असू नये.

दुसरा आक्षेप आपल्या किनारपट्टीचा खास आहे. रसायन म्हटले की आपल्या लोकांच्या कपाळाला आठी पडते, आणि ती अकारण नाही. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथे औषध कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत असल्याचे स्वीडिश शास्त्रज्ञांनी २००७ साली दाखवून दिले. औषध घेणाऱ्या रोग्याच्या रक्तातही ते इतक्या प्रमाणात नसते. आमच्याकडे खत कारखान्याच्या सांडपाण्याने वेळसांवच्या समुद्रात मासे मेल्याची १९७० च्या दशकातील आठवण अजून पुसलेली नाही. केरी येथील नायलॉन प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात जानेवारी १९९५ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात नीलेश नाईक या तरुणाचा बळी गेला. पण या अनुभवांतून निष्कर्ष कोणता काढावयाचा? रसायनशास्त्राकडे पाठ फिरविल्याने कारखाने थांबत नाहीत, फक्त त्यांचा हिशेब तपासणारे डोळे आपल्यात उरत नाहीत. नदीच्या पाण्यात काय आहे हे सांगण्यासाठी कारखानदाराच्याच अहवालावर अवलंबून राहावे लागणे, यापरते दुबळेपण नाही. कमी विषारी द्रावक वापरून, कमी कचरा करून तोच पदार्थ कसा घडवावा, हा आज रसायनशास्त्रातील अग्रगण्य प्रश्न आहे, आणि पदवीच्या विद्यार्थ्याला पेलेल असाही तो आहे. मोर्चातला तरुण आणि प्रयोगशाळेतला तरुण हे एकमेकांचे शत्रू नव्हेत, ते एकच असावेत अशी आमची इच्छा आहे.

मग करावयाचे काय? पहिली गोष्ट, प्रत्येक महाविद्यालयाने स्वतंत्र थाट मांडण्याचा हट्ट सोडावा. एनएमआरसारखे उपकरण प्रत्येक गावी येणार नाही व येण्याचे कारणही नाही. गोवा विद्यापीठ, समुद्रविज्ञान संस्था आणि झुआरीनगरचे आवार यांच्या उपकरणांवर राज्यातील प्रत्येक महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला ठराविक दिवशी हक्काने काम करता यावे, असा करार सरकारने घडवून आणावा. दुसरी गोष्ट, शिक्षकाचा वेळ. आठवड्याचे सारे तास वर्गात घालवून वर निवडणुकीची व जनगणनेची कामे करणाऱ्या अध्यापकाकडून संशोधनाचे मार्गदर्शन मागणे ही क्रूर थट्टा होय. मार्गदर्शनाचे तास त्याच्या कामात धरले गेले पाहिजेत. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

तिसरी गोष्ट पैशाची. देशातील तीन विज्ञान अकादमींची दोन महिन्यांची उन्हाळी छात्रवृत्ती विद्यार्थ्याला हैदराबादसारख्या ठिकाणी नामांकित प्रयोगशाळेत काम करू देते. केंद्राच्या 'इन्स्पायर' योजनेत वर्षाला ८०,००० रुपये मिळतात व त्यांतील २०,००० उन्हाळी संशोधनासाठीच असतात. पण या जागा मोजक्या आहेत. पेडण्याच्या वा काणकोणच्या शेतकऱ्याची, सत्तरीतील मजुराची हुशार मुलगी दोन महिने हैदराबादेत स्वखर्चाने राहू शकत नाही. राज्य सरकारने अशा पन्नास विद्यार्थ्यांचा प्रवास, राहणे व जेवण यांचा भार उचलला तर एखाद्या महोत्सवाच्या रोषणाईइतकाही खर्च येणार नाही. तो न उचलल्यास पोकळी मोकळी राहणार नाही. शुल्क घेऊन तयार प्रकल्प व सुबक प्रमाणपत्र देणारी दुकाने ती भरून काढतील, आणि ज्याच्या खिशात पैसे त्याचे 'संशोधन' पुरे होईल.

चौथी व शेवटची गोष्ट मूल्यमापनाची. फसलेल्या प्रयोगाचे प्रामाणिक टिपण हे यशस्वी प्रयोगाच्या उसन्या वर्णनापेक्षा अधिक गुणांचे मानले गेले पाहिजे. विद्यापीठाने हा एकच नियम ठामपणे केला, तर निम्मी बनवाबनवी आपोआप थांबेल. परीक्षकाने गुळगुळीत छापील प्रबंध न मागता विद्यार्थ्याची डाग पडलेली वही मागावी.

हैदराबादने हे सारे एका दिवसात केले नाही. १९४४ ची प्रयोगशाळा आणि १९८४ चा कारखाना यांत चाळीस वर्षांचे अंतर आहे, आणि त्या चाळीस वर्षांत पिढ्यान्‌पिढ्या तरुण हातांनी काचेची भांडी घासली आहेत, फोडली आहेत व पुन्हा मांडली आहेत. आपल्या पहिल्या तुकडीच्या हाती चौथ्या वर्षी एकही नवा रेणू लागला नाही तरी आम्ही निराश होणार नाही. तिच्या वह्या खऱ्या निघाल्या तर आरंभ झाला असे समजू. त्या खोट्या निघाल्या, तर मात्र आपण मुलांच्या आयुष्यातील एक वर्ष घेऊन त्याच्या बदल्यात केवळ एक शब्द दिला, असे म्हणावे लागेल. सरकार, विद्यापीठ आणि महाविद्यालये यांनी यांतील कोणते पत्करावयाचे हे आजच ठरवावे. निर्णय पुढे ढकलला तर तोही एक निर्णयच होतो, आणि त्याची किंमत विद्यार्थी मोजतात.